सतरा सल्ले आणि एक गोठा

सल्ल्यांचा आकडा सतरावर गेला तेव्हा आबाजींनी रविवारी सकाळी अकराची मीटिंग लावली.

आबाजी ऐनकर भिवपुरीच्या वीजघरात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. तिथे दर तासाला यंत्रांचे आकडे वहीत लिहायचे, खाली सही करायची आणि शिफ्ट संपली की वही पुढच्या माणसाच्या ताब्यात द्यायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर यंत्रं सुटली, वही सुटली नाही. सून हर्षला तांदळाच्या भाकऱ्यांचा धंदा काढायचं म्हणतेय हे कळलं त्याच दिवशी त्यांनी नवी वही आणली आणि पहिल्या पानावर लाल शाईने ‘हर्षला – उद्योग – सल्ले’ असं लिहिलं. मग दहिवलीच्या चहाच्या टपरीपासून दवाखान्यातल्या बाकापर्यंत जो भेटेल त्याला विचारत सुटले. एकाने शेळ्या सांगितल्या, एकाने अळंबी, एकाने बाटलीतल्या पाण्याचा कारखाना. सल्ला क्रमांक नऊ होता, ‘दोन वर्षं थांबा, मग बघू.’ सतरा सल्लागारांपैकी एकानेही आयुष्यात कधी धंदा केलेला नव्हता. सोळा जण निवृत्त होते आणि सतरावे मास्तर पुढच्या वर्षी होणार होते.

हर्षला मात्र स्वतः हिंडत होती. धंद्याची सुरुवात झाली ती बुधाजीमुळे. भिवपुरीच्या रस्त्यावरच्या एका फार्महाऊसची राखण करणारा हा बुधाजी एका शनिवारी दारात येऊन म्हणाला, मुंबईच्या पाहुण्यांना कोंबडीबरोबर तांदळाची भाकरी हवी आणि आमचा स्वयंपाकी पडला परमुलखातला, त्याच्या भाकरीची रांगोळी होते, चाळीस थापून देशील का. तिने दिल्या. पुढच्या शनिवारी साठ झाल्या. तेव्हा ती एकटीच एसटीने अलिबागला उद्योग केंद्रात जाऊन आली. तिथल्या सुनिता मॅडमनी तिला यंत्राबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. आधी भाकरी घेणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर आण, म्हणाल्या. हर्षलाने अकरा फार्महाऊसं पायी पालथी घातली, दोन ठिकाणी कुत्री अंगावर घेतली आणि सात नावं आणली. मग उद्योगाची नोंदणी, अन्नाचा परवाना, पीठ उकडायच्या भांड्याचं आणि गिरणीचं कोटेशन, प्रकल्प अहवाल असं एकेक करत आठ कागद प्लॅस्टिकच्या फायलीत जमले.

नववा अडला. धंद्याला वेगळी जागा हवी, नळ हवा, फरशी हवी, खिडकीला जाळी हवी. घरामागचा गोठा म्हशी विकल्यापासून मोकळाच होता. पण तो ज्या जमिनीवर उभा, तिच्या सातबाऱ्यावर तीन नावं: आबाजी, त्यांची थोरली बहीण धोंडूबाई आणि आबाजींचे वारलेले भाऊ पदूकाका यांच्या जागी त्यांचा मुलगा योगेंद्र. तिघांच्या सह्यांचं संमतीपत्र असेल तरच बँक कर्जाची फाईल घेणार होती, आणि फाईल घ्यायचा शेवटचा दिवस उद्याचा, सोमवारचा. तो गेला की पुढची संधी पावसाळ्यानंतर. लग्नाआधीची खोपोलीची नोकरी मुलीच्या जन्मानंतर तिने सोडली होती, आणि नंतर शिवणाच्या क्लासची फी भरूनही ती गेली नव्हती. हे तिसरं. हेही हुकलं तर आपण पुन्हा काही मागायला उठणार नाही, हे तिला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

धोंडूबाईंना आणायला खालापूरला योगेंद्रची गाडी गेली. सोबत हर्षलाचा नवरा ओमकार होता. धोंडूबाई पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा लावायला साफ नकार दिला, आणि वालाच्या शेंगांची पिशवी मागे ओमकारच्या मांडीवर ठेवली. चौक गाव आल्यावर त्यांनी योगेंद्रला विचारलं, “कागद किती पानी हाय रं?”

“कसला कागद, आत्या? काकांनी जेवायला बोलवलंय.”

“जेवाला बोलवाचा तर फोन जयवंता करते. आबाजीनं केला म्हंजे कागद हाय. आनि आदीच सांगते, मी चष्मा आनला नाय.”

गेल्या तीस वर्षांत धोंडूबाईंनी माहेरच्या एकाही कागदावर सही केली नव्हती. नाही असं त्या कधीच म्हणत नसत. प्रत्येक वेळी चष्मा घरी राहिलेला असे. हक्कसोडपत्राच्या वेळी राहिला, पंपाच्या मीटरच्या वेळी राहिला आणि पदूकाकांच्या वर्षश्राद्धाला योगेंद्रने जमीन विकायचा कागद पुढे केला तेव्हाही राहिला. आता या क्षणी तो त्यांच्या कमरेच्या बटव्यात, रुमालात गुंडाळून, नीट बसला होता. आपल्याला नेमकं काय हवंय हे त्यांना चांगलं कळत होतं. माहेरची भाताची खाचरं एकदा बघायची, भावजयीच्या हातचं जेवायचं आणि संध्याकाळी कुणीतरी सोडायला यायचं.

मीटिंग ओटीवर भरली. आबाजींनी वही उघडली, तारीख आणि वेळ टाकली, हजर असलेल्यांची नावं लिहिली आणि सल्ला क्रमांक एकपासून वाचायला सुरुवात केली. शेळ्या झाल्या, पाणी झालं, अळंबीत ते बराच वेळ रमले. हर्षला फाईल मांडीवर धरून खांबाला टेकून बसली होती. सातव्या सल्ल्याला धोंडूबाईंचा धीर सुटला.

“आबाजी, पोर भाकरीचं म्हनते आनि तू शेल्या का वाचतोस?”

“बाय, सगल्या बाजूंनी इचार नको का कराला?”

योगेंद्र याच संधीची वाट बघत होता. तो नेरळ-कर्जत पट्ट्यात जमिनींचे व्यवहार जुळवायचा, आणि बोलायला लागला की समोरच्याला आपण आतापर्यंत फार लहान विचार करत होतो असं वाटायचं. त्याने वहिनीचं तोंडभरून कौतुक केलं. मग म्हणाला की भाकरीत अडकू नका, धंदा करायचा तर मोठा करू, वर्षभर दम धरा, आपण इथे रिसॉर्टच टाकू आणि किचन सगळं वहिनीकडे. ऐकायला छान होतं. आबाजींनी सल्ला क्रमांक अठरासाठी लाल पेन काढलंसुद्धा. पण ओमकारला आतली गोष्ट माहीत होती. योगेंद्रने मुंबईच्या एका पार्टीला मागची जमीन दाखवली होती आणि तिथे जायचा रस्ता गोठा पाडल्याशिवाय निघत नव्हता. गोठ्यात एकदा बँकेच्या कर्जाची गिरणी बसली की पार्टी पळणार.

हे ओमकारने तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण ओमकारचा स्वभाव असा की दोन माणसं भांडत असली तर त्याला दोघांचंही पटायचं. तो एवढंच म्हणाला की दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. हर्षलाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून पाणी आणायला आत गेला.

आत जयवंता उभी होती. आबाजींची बायको, हर्षलाची सासू. धंद्याचा विषय निघाल्यापासून दोन महिने ती एक शब्द बोलली नव्हती. बोलली नाही म्हणजे तिची हरकत नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि या घरातली ही चूक जुनीच होती. ओमकारच्या हातात तांब्या देऊन ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि उंबऱ्याच्या आतूनच म्हणाली,

“भाकर इकायची नसते.”

आबाजींनी पेन खाली ठेवलं.

“माज्या सासूनं दारात आलेल्याला भाकर देताना कदी मोजली नाय. मलापन तेच शिकवलं. तांदूल इका, शेंगा इका, पन चुलीवरची भाकर वाढायची असते. लोक काय म्हनतील? ऐनकरांनी चूल बाजारात मांडली.”

हर्षलाच्या फायलीत आठ कागद होते, पण याचं उत्तर त्यातल्या एकाही कागदावर नव्हतं. अलिबागला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, बँकेतही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून ती कोटेशनचे आकडे पुन्हा वाचायला लागली. योगेंद्रने मान हलवून काकींचं अगदी बरोबर असल्याचं सांगितलं. एवढ्या पटकन तो काकींच्या बाजूला गेला की जयवंतालाही ते आवडलं नाही.

“लोक काय म्हनतात ते मी आयकलंय,” धोंडूबाई म्हणाल्या. “लोक म्हनतात, मावशी, दोन भाकऱ्या जास्त बांद.”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“तुमचे भाऊजी कौलं शेकाराला चढले आनि पडले, ते साल आटवतं का? दोन वरसं खाटेवर. तवा द्रुतगतीचं काम चालू व्हतं. रस्त्यावर ही गर्दी मानसांची. मी पाटीत भाकऱ्या आनि सुकटीची चटनी घेऊन जायची. चार वरसं इकल्या. दोन्ही पोरींची लग्नं त्यातच झाली.”

आबाजींना हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. दर भाऊबीजेला ते बहिणीकडे दोन पोती तांदूळ घेऊन जात, आणि परत येताना बहिणीच्या घरी आपल्यामुळे भात शिजतो याचं समाधान त्यांना वर्षभर पुरत असे. ते हळूच म्हणाले, “मंग आमी देत व्हतो ते तांदूल?”

“त्याच्याच भाकऱ्या.”

“आनि मला सांगितलं नाय तुवा?”

“सांगितलं असतं तर तू सल्ला दिला असतास. मला तांदूल पायजे व्हता.”

हर्षला हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती मोकळेपणाने हसली असेल. मग तिने फायलीच्या मागच्या कोऱ्या कागदावर लिहायला सुरुवात केली, कारण धोंडूबाई आता थांबत नव्हत्या. शनिवारच्या भाकरीचं पीठ शुक्रवारीच दळायचं, आठवड्याचं दळून ठेवलेलं उकडीला चिकटपणा देत नाही. भाकरी फडक्यात बांधायची, प्लॅस्टिकमध्ये तिला घाम सुटतो. बंगल्याच्या मालकाशी बोलत बसायचं नाही, राखणदाराला धरून राहायचं, मालक बदलतो, राखणदार तोच असतो. आणि पहिल्या दिवशी जेवढी मोठी थापशील तेवढीच शेवटच्या दिवशी थापायची, लोकांचं लक्ष भाकरीच्या काठावर असतं. आबाजींनी वही पुढे ओढली, अळंबीचं पान उलटलं आणि हे सगळं निमूटपणे उतरवून घेतलं. बोलता बोलता धोंडूबाईंच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत माहेरी आपल्याला पहिल्यांदाच कुणी काहीतरी विचारतंय आणि लिहून घेतंय. त्यांना ते फार बरं वाटलं.

मग आबाजींनी संमतीपत्र काढलं आणि घसा खाकरला. “मंग बाय, सही?”

धोंडूबाईंचा हात बटव्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

“खरं सांगू का आबाजी? सही दिली की मानूस येवाचं थांबतं. शेजारच्या शकूनं हक्कसोड दिली, तिला मंग भाऊबीजेला फोनपन आला नाय. माज्या दारात गाडी येते ती या कागदांमुलं येते. म्हनून माजा चष्मा रातो घरी.”

कागदाशिवाय आपण खालापूरला शेवटचं कधी गेलो, हे आबाजी आठवत होते. त्यांना आठवेना. भाऊबीजही अलीकडे ओमकारच्या हातीच जात होती. एवढं सगळं वहीत लिहिणाऱ्या माणसाला हे एवढं लिहायचं सुचलं नव्हतं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली. ते दर महिन्याला येईन असं काहीतरी म्हणायला लागले, पण धोंडूबाईंनी हात वर केला.

“शब्द नको देऊस. ही पोर येल मला न्याला. काय गं, येशील? थापायला नाय हां. चाखाला.”

“येईन, आत्या,” हर्षला म्हणाली. “दर शुक्रवारी दळण झालं की येईन.”

धोंडूबाईंनी बटवा सोडला, रुमाल उलगडला आणि चष्मा नाकावर चढवला. योगेंद्र बघतच राहिला. त्याने या चष्म्यासाठी खालापूरला सहा खेपा घातल्या होत्या. त्यांनी पत्र वरून खालपर्यंत वाचलं, हे फक्त गोठ्यापुरतंच आहे ना हे दोनदा विचारून घेतलं आणि सही केली. आबाजींनी केली. मग कागद योगेंद्रपुढे आला आणि तो म्हणाला की त्याची ना नाही, फक्त एकदा वकिलाला दाखवून बुधवारपर्यंत देतो.

“योगेंद्र,” धोंडूबाई म्हणाल्या, “चष्मा आजून नाकावर हाय.”

त्याला कळायला क्षणभर लागला. त्याचा जमिनीचा कागद बाहेर गाडीतच होता, वर्षभर तो तिथेच असायचा. त्याने एकदा गोठ्याकडे पाहिलं, एकदा चष्म्याकडे. रस्ता दुसऱ्या बाजूनेही काढता येईल, पण आत्याचा चष्मा पुन्हा लागायचा नाही, असा हिशोब त्याने केला असावा. त्याने संमतीपत्रावर सही ठोकली आणि धावत गाडीकडे गेला. तो परत आला तेव्हा चष्मा बटव्यात गेला होता आणि धोंडूबाई डोळे चोळत होत्या.

“आता डोलं दुखाला लागलं बग. येवडं वाचायची सवय नाय रायली.”

ओमकार इतका हसला की त्याला ठसका लागला. योगेंद्र रागावला खरा, पण रागावून जाणार कुठे, आत्याला संध्याकाळी सोडायला त्याचीच गाडी जाणार होती. आणि पुढच्या वेळी ती वाचेल अशी आशा त्याला होतीच. ती तर तो गेली कितीतरी वर्षं बाळगून होता.

तीन सह्या झाल्या. हर्षलाने कागद हातात घेतला, आणि त्यावरच्या शाईकडे बघताना तिच्या ध्यानात आलं की खाली अजून दोन रेघा रिकाम्या आहेत. साक्षीदार. एकीवर ओमकारने न सांगता सही केली, निदान आज तरी बाजू घेतली म्हणायची. दुसरीसाठी आबाजी कुणाला बोलवायचं ते मोजायला लागले. मास्तर बरे, त्यांची सही देखणी. नाहीतर टपरीवाले.

“सतरा जनांना इचारलं तुमी,” जयवंता म्हणाली.

ती उंबरा ओलांडून ओटीवर आली होती. हात पिठाचे होते.

“टपरीवर इचारलं, दवाखान्यात इचारलं. ही आलिबागला जाऊन आली, बँकेत जाऊन आली. अकरा बंगल्यांवर गेली. भाकर हिला मी शिकवली. मला कोनी इचारलं?”

भाकरी विकायची नसते हे जयवंताला मनापासून वाटत होतं, ते खोटं नव्हतं. पण दोन महिने तिच्या मनात जे सलत होतं ते हे होतं. हर्षलाला आठवलं, लग्न होऊन आली तेव्हा तिची भाकरी तव्यावर जाताना दर वेळी मोडायची, आणि सासू काही न बोलता तिच्या हातातला गोळा घेऊन पुन्हा मळून द्यायची. असं चार महिने चाललं होतं. सल्ला शोधत ती अलिबागपर्यंत गेली आणि एकाच चुलीपाशी शेजारी असलेल्या बाईला तिने विचारलं नाही. ती उठली. सगळ्यांसमोर म्हणाली, “आई, माझं चुकलं. आता विचारते. करू का मी हे?”

जयवंताने आधी पदराला हात पुसले, एकेक बोट करून.

“दर शनवारी पयल्या तव्याची भाकर इकायची नाय. ती दारात येल त्याची. कुनी नाय आलं तर गाईची.”

“नाही विकणार.”

“मंग दे कागद. सही कुटं करायची?”

आबाजी म्हणाले, “अगं, तुजं नाव सातबाऱ्यावर नाय.”

“साक्षीदाराला लागत नाय,” धोंडूबाईंनी भावाला गप्प केलं आणि बटव्यातून चष्मा काढून भावजयीपुढे धरला. “घे. माजा लाव.”

योगेंद्रने गाडीतून आणलेला कागद घाईघाईने पुढे केला, पण त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. जयवंता पाटावर बसली. एक्केचाळीस वर्षं ती या घरात होती. या काळात जमीन वाटली गेली, विहीर खणली, म्हशी घेतल्या आणि विकल्या, आणि एकदाही कुणी तिच्यापुढे पेन धरलं नव्हतं. चष्मा तिला थोडा मोठा होत होता. तिने जयवंता लिहिलं, थांबली, आबाजी लिहिलं, थांबली, आणि ऐनकर लिहिता लिहिता रेघ संपली, तर उरलेलं अक्षर खालच्या ओळीत लिहिलं. पेनाच्या टोकाला पीठ लागलं होतं. कागदावरही थोडं लागलं. हर्षला ते झटकायला गेली, तर जयवंताने तिचा हात बाजूला केला आणि स्वतःच फुंकर मारली.

मग चष्मा काढून धोंडूबाईंना परत दिला आणि सुनेला विचारलं, “उद्या बँकेत किती वाजता जायाचं?”

“तुम्ही नका त्रास घेऊ, आई. मी जाऊन येते.”

“आगं, साक्षीदार हाय ना मी,” जयवंता म्हणाली, आणि पुढच्या तव्याची भाकरी थापायला आत गेली.